शिमगा, शिगमो आणि राहिलेले कवित्व

दोन-तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या अंतर्गत परीक्षेत ‘पुढील म्हणींचे अर्थ सांगा’ या प्रश्नात मी ‘शिमगा गेला आणि कवित्व राहिले’ ही म्हण घातली होती. उत्तरपत्रिका तपासताना एका मुलाचे उत्तर वाचून हातातले लाल पेन खाली ठेवावे लागले. त्याने लिहिले होते, ‘शिमगा संपल्यावर कवीला निवांतपणा मिळतो व तो राहिलेली कविता पूर्ण करतो.’ हसू आवरल्यावर मी त्याला अर्धा गुण दिला. कवित्व या शब्दाचा त्याला ठाऊक असलेला एकुलता एक अर्थ घेऊन त्याने म्हण प्रामाणिकपणे सोडवली होती. बाकीच्यांनी ‘मुख्य घटना होऊन गेल्यावरही तिची चर्चा चालू राहणे’ असे पुस्तकी उत्तर लिहिले होते. त्यांना पूर्ण गुण मिळाले.

पुढच्या तासाला मी वर्गाला विचारले, “या म्हणीतले कवित्व म्हणजे नेमके काय?” पूर्ण गुण मिळवलेली सगळी डोकी वहीत गेली. मागच्या बाकावर सत्तरीतून येणारा एक मुलगा मात्र मान खाली घालून गालात हसत होता. त्याला ठाऊक होते. मी त्याला उठवले, तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, ते वर्गात सांगण्यासारखे नाही.” मग मीही सांगितले नाही. घंटा झाली आणि सुटलो दोघेही. त्या दिवशी जे सांगायचे राहून गेले, ते या लेखात सांगण्याचा प्रयत्न करते.

कवित्व म्हणजे शिमग्यात म्हटली जाणारी अर्वाच्य पद्ये. चारचौघांत एरवी उच्चारता येणार नाहीत अशा शब्दांनी भरलेली, बहुधा कोणाचे तरी नाव घेऊन रचलेली, गावच्या पुरुषांनी रात्री मोठ्याने म्हणायची. सण संपला तरी ती जिभेवर रेंगाळतात, आणि ज्याच्यावर रचली त्याच्या कानात तर वर्षभर वाजत राहतात. म्हण आली ती तिथून. ज्ञानदेव-तुकारामांच्या भाषेत कवितेविषयी जी म्हण घरोघरी बोलली जाते, ती शिवराळ कवितेविषयी आहे, ही गोष्ट आम्हा साहित्याच्या अध्यापकांनी अधूनमधून आठवायला हरकत नाही. डॉक्टरेट माझी संतकाव्यात आहे, म्हणून हे जरा मोकळेपणाने म्हणता येते.

आधी नावाचा घोळ मिटवू. गोव्यात आम्ही शिगमो म्हणतो, देशावर आणि रत्नागिरीकडे शिमगा म्हणतात. आमच्याकडे ग आधी, त्यांच्याकडे म आधी. माझे देशावरचे स्नेही समजतात की गोवेकरांनी नेहमीप्रमाणे शब्द वाकवला. प्रकार उलटा आहे. या शब्दाचे मूळ संस्कृत ‘सुग्रीष्मक’ आणि प्राकृत ‘सुगिम्हअ’ असे मानले जाते. ग्रीष्माचे प्राकृतात गिम्ह होते. म्हणजे मुळात ग आधी आणि म नंतर. तो क्रम शिगम्याने सांभाळला आणि शिमग्याने फिरवला. नुकसानाचे नुसकान किंवा मतलबचे मतबल होते, तोच हा वर्णविपर्यय. फरक इतकाच की नुसकान म्हणणाऱ्याला आपण अडाणी समजतो आणि शिमगा म्हणणाऱ्याला प्रमाण. वसंतातल्या सणाला ‘चांगला ग्रीष्म’ असे नाव का पडावे, असा प्रश्न ज्याला पडेल त्याने मार्चच्या दुपारी पणजीच्या बसस्थानकावर दहा मिनिटे उभे राहावे. आमच्याकडे वसंत पंचांगात येतो. अंगावर येतो तो थेट ग्रीष्मच.

पंचांगाचेही एक गमतीचे त्रांगडे आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या मराठी घरात रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमीला येते आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याकडे तीच रंगपंचमी चैत्र कृष्ण पंचमीला. होळी पेटली त्या रात्री दोघे एकाच महिन्यात होते. सकाळी धुळवडीला शेजारी पुढच्या महिन्यात निघून गेलेला असतो. इंदूरच्या राजवाड्यापुढून रंगाची प्रसिद्ध गेर निघते, तेव्हा तिच्यात भिजणारे निम्मे लोक फाल्गुनात आणि निम्मे चैत्रात भिजत असतात. एकाच रंगाने भिजतात, म्हणून भांडण होत नाही.

आता आमच्या गोव्यातल्या शिगम्याकडे येते, कारण तो मी पाहिलेला आहे. खरे तर ऐकलेला आहे. पाहण्याची परवानगी आम्हा मुलींना फारशी नव्हती. त्याविषयी पुढे. फोंडा, सांगे, केपे, काणकोण या बाजूला पौर्णिमेच्या आधीचा धाकटा शिगमो, तर पेडणे, डिचोली, सत्तरी या बाजूला पौर्णिमेपासून पुढे व्हडलो शिगमो. गावात मांड नावाची ठरलेली जागा असते. तिथे नमन होते. ग्रामदेवता, राखणदार, सीमेवरच्या देवता, गेलेले पूर्वज या सर्वांना नावानिशी हाका मारून बोलावले जाते. मग ढोल, ताशे, कांसाळी आणि ‘ओस्सय’ असा एकच गलका होऊन मेळ बाहेर पडतो. तो रोमटामेळ, सीमेपलीकडे सिंधुदुर्गात त्यालाच रोंबाट म्हणतात. माझ्या आजोळी, डिचोली तालुक्यातल्या एका गावात, नमनाची भाषा जवळजवळ स्वच्छ मराठी असे आणि मेळ मांडावरून खाली उतरला की बोली सुरू होई. देवाशी मराठी आणि शेजाऱ्याशी बोली, अशी ही वाटणी होती. गोव्यात भाषेवरून एवढे रण माजले, त्या काळातही मांडावरच्या माणसांना ती कधी अडचणीची वाटली नाही.

शिगम्याच्या दिवसांत या भागात जे जे चालते ते पाहुण्याला सांगितले तर तो आपली थट्टा चालली आहे असे समजेल. घोडेमोडणीत माणसे कमरेला लाकडी घोड्याचे तोंड बांधून, रंगीत झगा आणि तुरा लेवून, तलवार परजत नाचतात. घोडा आणि स्वार एकच. साळ गावात होळीपासून तीन रात्री गडे रानात दिसणाऱ्या उजेडाच्या मागे धावत सुटतात; तो उजेड देवचाराचा, अशी गावाची श्रद्धा आहे आणि तो पाहायला दुरून माणसे येतात. मळकर्ण्याला होळीच्या रात्री पेटत्या शेणींच्या ठिणग्यांचा पाऊस पाडतात आणि उघड्या अंगाचे पुरुष त्याखालून धावतात.

पण मला सर्वांत विलक्षण वाटतो तो सत्तरीतल्या झर्मे गावचा चोरोत्सव. काही जणांना चोर ठरवून खड्ड्यांत पुरतात. कोणाचे धड मातीत आणि डोके वर, तर कोणाचे डोके खड्ड्यात आणि अंग वर. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. यामागची कथा अशी सांगतात की गावात आलेल्या परक्या माणसांना गावकऱ्यांनी चोर समजून मारले आणि ते निर्दोष होते हे मागाहून कळले. त्या चुकीची आठवण म्हणून हा विधी. गावे साधारणपणे आपल्या विजयाचे उत्सव करतात. आपल्या हातून घडलेल्या अन्यायाचा उत्सव दरवर्षी, स्वतःच्याच मुलांना मातीत उतरवून करणारे गाव मला तरी दुसरे ठाऊक नाही. शिगम्याचा हा भाग गमतीच्या खात्यात टाकताना माझा हात अडखळतो.

चोरी, सोंग आणि शिवी या तीन गोष्टींना या महिन्यात मोकळीक असते. होळीसाठी शेजाऱ्याचे लाकूड पळवणे हा गुन्हा धरला जात नाही. मोडके फाटक, जुना ओंडका, निष्काळजी माणसाची शिडीसुद्धा होळीत जाते आणि मालक सकाळी राख पाहून गप्प बसतो. सोंगांचे तर विचारू नये. रत्नागिरीकडच्या खेळ्यांतला संकासूर काळा पायघोळ अंगरखा, पांढरी दाढी आणि उंच टोकदार टोपी घालून पोरांच्या मागे लागतो. बीड जिल्ह्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवतात आणि शेवटी नवे कपडे देऊन सन्मान करतात. होळी जवळ आली की गावचे जावई दडी मारतात आणि गावकरी त्यांच्या शोधात निघतात. वर्षभर ज्याचे पाय धुवायचे त्याला एक दिवस गाढवावर बसवले की बाकीचे ३६४ दिवस सोपे जात असावेत. नाशिकला जमिनीखालच्या रहाडी वर्षभर झाकून ठेवतात आणि रंगपंचमीला उघडून रंगाने भरतात. त्यांत उडी घेण्याला धप्पा म्हणतात. शब्द असा की ऐकताच अंगावर पाणी उडते. उज्जैनला १ एप्रिलला टेपा संमेलन भरते. टेपा म्हणजे माळव्याच्या बोलीत भोळसट. भल्याभल्यांना भोळसटपणाचा मान तिथे जाहीरपणे दिला जातो. आणि आमच्या गोव्यात थोडे आधी, उपासाचे चाळीस दिवस सुरू होण्यापूर्वी, कार्निव्हाल येतो. त्यात एकमेकांवर पिठाच्या पुड्या फेकण्याची जुनी चाल होती आणि सासष्टीत खेळ नावाची लोकनाट्ये व्हायची. धर्म वेगळे, पण ऋतू आणि खोडी एकच.

शिवीला मात्र एक वेगळाच मान आहे. तिला शास्त्राधार आहे! भविष्योत्तर पुराणात ढुंढा राक्षसीची कथा येते. रघुराजाच्या राज्यात ही राक्षसी मुलांना छळत असे. तिला शंकराचा वर होता. देव, माणसे, शस्त्रे, कोणापासूनच तिला मरण नव्हते. वरात फट एकच राहिली होती, आणि ती म्हणजे उनाड पोरे. मग उपाय ठरला की फाल्गुन पौर्णिमेला पोरांनी लाकडे आणि गोवऱ्या रचून पेटवाव्यात, टाळ्या पिटाव्यात, हसावे, गावे आणि मनात येईल ते बिनधास्त बोलावे. त्या गोंगाटाने राक्षसी पळाली. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात होलिकोत्सवाच्या विवेचनात या कथेची दखल घेतली आहे. विद्वान माणूस, पण कोकणातला. शिमग्याचा गोंगाट त्यांनी केवळ ग्रंथांतून ऐकला असेल असे मला वाटत नाही.

त्याहून जुना आधार आपल्या घरचा आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे मराठीची आजी म्हणावी अशा माहाराष्ट्री प्राकृतात, फाल्गुनोत्सवाची एक गाथा आहे. कोणीतरी एका तरुणीला चिखलाने माखले आहे आणि ती ते धुऊ पाहत आहे. त्या चिखलाला कवीने लावलेले विशेषण आहे ‘निर्दोष’. फाल्गुनाच्या सणात माखला, म्हणून दोष नाही. हा एक शब्द सगळ्या शिमग्याचे मर्म सांगतो. तेच कृत्य, तीच माणसे, दिवस तेवढा वेगळा. मात्र माखणारा दोषी नाही हे ठरवणारा कवी आहे. चिखल धुणाऱ्या मुलीला काय वाटले ते त्या दोन ओळींत नाही. आज वाचताना मी त्या जागी जरा थांबते. शिकवतानाही थांबते.

माझ्या आजोळी मेळ दारात येई तेव्हा आम्हा मुलींना मधल्या खोलीत कोंडत. मामी बाहेरून कडी लावी आणि नेमकी त्याच वेळी तिला तांब्या-पितळेची भांडी घासायची आठवण होई. पुरुषांचा आवाज जितका चढे तितकी मामीची भांडी जोरात वाजत. त्या खणखणाटातून गाळून जे शब्द दारापलीकडून आले, तेवढेच माझे या वाङ्मयाचे प्रत्यक्ष ज्ञान. अर्धी ओळ, मग हंडा. पुढची अर्धी ओळ, मग परात. पण नावे ऐकू येत. आणि नावांवरून आम्हाला सगळे कळे. वजनात मारणारा दुकानदार, नारळ पाडून घेऊन मजुरी बुडवणारा भाटकार, रात्रीत कुंपण हातभर पुढे सरकवणारा शेजारी असे सगळे त्या पद्यांत हजेरी लावत. वर्षभर ज्याच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती, त्याच्या अंगणात उभे राहून त्याचाच हिशेब मोठ्याने वाचून दाखवायचा. शिवाय तो वाचून झाल्यावर त्याच्याचकडे शबय मागायची, म्हणजे शिगम्याचे पैसे. देशावर याला पोस्त म्हणतात. आणि त्याने ती निमूट द्यायची. रागावला तर पुढल्या वर्षी आणखी एक कडवे वाढे. गावची ही लेखापरीक्षाच होती. अहवाल पद्यात असे एवढेच.

आज शिगमोत्सव मोठा झाला आहे. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा या शहरांत सरकारी मिरवणुका निघतात, रोमटामेळ, लोकनृत्य, चित्ररथ अशा गटांत स्पर्धा होतात आणि बक्षिसे दिली जातात. ढोल आहेत, घोडे आहेत, रथ तर इतके उंच की वीजखात्याच्या तारा वर उचलून धराव्या लागतात. मुलांना रोजगार आणि उत्साह मिळतो आणि मला ते आवडते. पण मिरवणुकीत सगळे आले, एक कवित्व तेवढे आले नाही. येणारही कसे? परीक्षकांपुढे आणि पाहुण्यांपुढे भाटकाराच्या सात पिढ्या उद्धरता येत नाहीत, आणि आता तो भाटकारही नाही. कुळकायद्याने तो आणि त्याच्यावरची पद्ये दोन्ही गेली. नृत्याचे चित्रीकरण होते, वाद्यांची नोंद होते, पोशाख संग्रहालयात जातात. शब्दांना मात्र त्यांच्या असभ्यपणामुळे कोणी हात लावत नाही. छापायची सोय नाही म्हणून ते जपले जात नाहीत, आणि सणात म्हटले जात नाहीत म्हणून आठवतही नाहीत. भाषेचे काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ‘लोकसाहित्य’ म्हणून जे संकलित केले, त्यात ओव्या आहेत, पाळणे आहेत, फुगड्या आहेत; शिमग्याची जागा बहुतेक ठिकाणी ‘या प्रसंगी काही ग्राम्य पद्येही म्हटली जातात’ अशा एका वाक्याने भरली आहे. ‘काही’ या शब्दावर एवढा बोजा दुसरीकडे कुठे पडला नसेल.

म्हणून मी त्या मागच्या बाकावरच्या मुलाला प्रकल्प दिला की आजोबांकडून मिळतील तितकी पद्ये लिहून आण. महिन्याभराने त्याने वही आणली. अकरा पद्ये होती, अक्षर सुरेख होते, आणि जिथे जिथे अडचणीचा शब्द तिथे तिथे फुल्या होत्या. काही कडव्यांत तर नाव, ‘आणि’ आणि ‘च्या’ सोडले तर सगळ्या फुल्याच. “आजोबांनी सांगितले नाही का?” मी विचारले. तो म्हणाला, “त्यांनी सांगितले, मॅडम. पण वही तुम्ही तपासणार ना.” पुढचे तीन दिवस मी त्या फुल्यांच्या जागी मात्रा मोजून, यमक लावून, काय बसते ते पाहत होते. पदवीला छंदशास्त्र शिकले त्याचा इतका थेट उपयोग मला आयुष्यात कधी झाला नव्हता. बरेच शब्द लागले. माझ्या त्या ज्ञानाचे माझे मलाच आश्चर्य वाटले. मामीच्या भांड्यांतून बरेच काही गळून आले होते म्हणायचे.

त्या वह्यांवर वर्गात चर्चा झाली, अर्थात फुल्यांसकट. मी भाटकाराचा आणि लेखापरीक्षेचा मुद्दा मांडला. मुलांना तो पटला. मग एक मुलगी उभी राहिली. वर्गात एरवी फारशी बोलत नसे. म्हणाली, “मॅडम, कुंपण भाटकाराने सरकवले, आणि शिवी त्याच्या आईवरून. आईने काय सरकवले होते?” वर्गात एकदम शांतता झाली. ती पुढे म्हणाली, की तिच्या आजीच्या बहिणीवर, नवरा गेल्यावर एकटी राहिली म्हणून, असेच एक कडवे रचले होते आणि ते वीस वर्षे म्हटले गेले. तिने कोणाचेही काही बुडवले नव्हते.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. शिमग्याची मोकळीक ज्याच्या तोंडाला मिळाली त्याला ती मिळाली. जिच्या नावाने ती वापरली गेली तिला कोणी विचारले नव्हते. बायकांच्या बोलण्याचे सण वेगळे होते. पौषातल्या धालोत मांड केवळ त्यांचा असतो, आणि तिथे त्या पुरुषांची सोंगे आणून घेतात तो सूड. चैत्रात गौरीच्या हळदीकुंकवाला, आंबेडाळ आणि पन्ह्याच्या जोडीने, उखाण्यात नवऱ्याचे नाव घ्यायचे. एरवी जे नाव उच्चारायचे नाही ते एक दिवस, यमकात बसवून, चारचौघींत घ्यायची मुभा. विचार केला तर जात तीच. वर्षभर बंद असलेला शब्द, ठरलेला दिवस, आणि शब्दाला बाहेर काढण्यासाठी पद्याची शिडी. फरक एवढाच की पुरुषांना एका रात्रीसाठी सगळ्या गावाची निंदा मिळाली आणि बायकांना एका दुपारसाठी स्वतःच्या नवऱ्याचे नाव.

त्या मुलीला मी म्हटले की हाच मुद्दा घेऊन निबंध लिही. तिने लिहिला, आणि त्यात आजीच्या बहिणीवरचे ते कडवे संपूर्ण दिले, एकही फुली न टाकता. खाली लिहिले होते, ‘हे लपवले तर तिच्यावर काय लादले होते ते कळणार नाही.’ संकलन का करायचे याचे याहून नेमके कारण मी कुठल्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत वाचलेले नाही. माझ्या प्रबंधाची प्रस्तावना धरून.

त्यानंतर मी स्वतः आजोळी गेले. मामांनी पंचाऐंशी ओलांडली आहे. तरुणपणी मेळात ओळ तेच उचलत. बाकीचे त्यांच्यामागून म्हणत. मामी आता नाही. मी वही काढून बसले आणि कामाचे स्वरूप सांगितले. अकादमी, भाषा, जतन, सगळे सांगितले. मामा बराच वेळ अंगणातल्या माडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “हें तुका कशें सांगूं गो बाये?” मी म्हटले, माझी पन्नाशी उलटली, केस पिकले, मी कॉलेजात शिकवते. त्याने काही फरक पडला नाही. भाची ती भाचीच. दुपारी जेवलो, मामा आडवे झाले, मी निघायची तयारी करू लागले.

चहाच्या वेळी त्यांनीच तोड काढली. “तूं भितर बस,” ते म्हणाले, “दार धांप. हांव भायर बसून म्हणटां.” तेव्हा मी वही-पेन घेऊन मधल्या खोलीत गेले, त्याच खोलीत, आणि दार आतून ओढून घेतले. मामांनी बाहेर सोप्यावर घसा साफ केला. आधी त्यांनी नमन म्हटले, सगळे, एकही देव न गाळता. मग आवाज बदलला. ओळीमागून ओळ येत राहिली. दुकानदार आला, भाटकार आला, मला ठाऊक नसलेली आणखी कितीतरी माणसे आली. मध्ये भांडी नव्हती. प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता आणि माझा हात लिहिताना मागे पडत होता. अर्ध्या तासाने ते एका कडव्याच्या मध्येच थांबले आणि दाराकडे तोंड करून त्यांनी विचारले, “तूं आयकना न्हय गो?”

“ना, मामा,” मी म्हटले आणि वहीचे पान उलटले.